फ्राउ हेबर्लेंची बर्फाची तीनचाकी

आधीच सांगून टाकतो. मी इंजिनिअर नाही.

बॉबलिंगेनमध्ये मराठी माणूस भेटला की पहिला प्रश्न 'कुठल्या कंपनीत?' आणि दुसरा 'कुठल्या टीममध्ये?' मी म्हणतो, सायकलच्या दुकानात. समोरचा मान डोलावतो, कारण त्याला वाटतं मी सायकलच्या दुकानांसाठी सॉफ्टवेअर करतो.

सॉफ्टवेअर माझी बायको करते. शिवांगी. मी तिच्या व्हिसावर आलोय. चिंचवडला असताना डिप्लोमा दुसऱ्या वर्षी सोडला. सायकली खोलायला आणि जोडायला व्हिडिओ बघून शिकलो. त्यातल्या निम्म्या सायकली परत जोडल्याच गेल्या नाहीत, त्यातून जास्त शिकलो. इथे आल्यावर आठवड्यातून तीन दिवस एका वर्कशॉपमध्ये लागलो. हिवाळ्यात तिथेही शांतता असते. लोक सायकली तळघरात ठेवतात आणि मार्चमधल्या पहिल्या उन्हाच्या शनिवारी सगळे एकदम घेऊन येतात.

म्हणजे डिसेंबरात माझ्याकडे वेळ होता. आणि खालच्या मजल्यावर फ्राउ हेबर्ले होत्या.

वय एकोणऐंशी. नवरा जाऊन नऊ वर्षं झाली. आमच्या बिल्डिंगमध्ये चार घरं, त्या तळमजल्यावर, आम्ही त्यांच्या डोक्यावर. एक्कावन्न वर्षं त्याच घरात राहतायत, त्यामुळे बिल्डिंगचे सगळे नियम त्यांना पाठ आहेत. काही त्यांनीच केलेत असा माझा संशय आहे.

त्यातला सगळ्यात मोठा नियम म्हणजे केरवोखे. शब्दातच केर आहे, त्यामुळे आम्हाला लगेच लक्षात राहिला. दर आठवड्याला एका घराची पाळी. ज्याची पाळी त्याच्या दारावर लाकडी पाटी लटकते, त्यावर झाडूचं चित्र. त्या आठवड्यात जिना, अंगण, कचऱ्याच्या डब्यांची जागा, सगळं त्याचं. आणि हिवाळ्यात बिल्डिंगसमोरच्या फुटपाथवरचा बर्फसुद्धा. सकाळी सातच्या आत. रविवारी नऊच्या आत, कारण रविवारी देवसुद्धा थोडा उशिरा उठतो.

आम्ही नवीन असताना एका सोमवारी पाटी आमच्या दारावर आली. शिवांगीला वाटलं, शेजाऱ्यांनी स्वागताची भेट दिली. तिने बदल्यात बेसनाचे लाडू नेऊन दिले. फ्राउ हेबर्लेंनी लाडू घेतले, आभार मानले, आणि मग शांतपणे जिन्याकडे बोट दाखवलं.

तर ऑक्टोबरमध्ये फ्राउ हेबर्लेंच्या उजव्या खांद्याचं ऑपरेशन झालं. डॉक्टर म्हणाले, फावडं बंद. कायमचं.

त्यांचा मुलगा मथियास इंगोलश्टाटला असतो. गाड्यांच्या कारखान्यात इंजिनिअर. तो आईला तिकडच्या वृद्धनिवासात न्यायच्या मागे लागला होता. स्वतःची खोली, खाली नर्स, गुरुवारी गाण्याचा क्लास. फ्राउ हेबर्लेंना गाणं आवडत नाही.

नाताळच्या आधी एकदा मी त्यांच्या तीनचाकीत हवा भरत होतो, तेव्हा त्यांनी मला करार सांगितला. हो, त्यांच्याकडे तीनचाकी सायकल आहे. लाल, मागे दोन चाकं, मध्ये मोठी टोपली. रोज बाजारात जातात, चढावरून, माझ्यासारख्या धापा न टाकता.

"मथियासला मी सांगितलं," त्या म्हणाल्या, "या हिवाळ्यात माझ्या आठवड्यात बर्फ पडला आणि मी तो स्वतः काढला, तर पुढच्या हिवाळ्यापर्यंत हा विषय बंद. नाही काढता आला, तर मी सही करते."

"तुम्ही कशाला काढताय? मी काढतो ना," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "हेर दांडेकर, तुम्ही माझे दात पण घासणार का?"

मी हवा भरत राहिलो.

पण डोक्यात ते बसलं. खांदा चालत नाही. पाय चालतात. उत्तम चालतात. मग बर्फ खांद्याने का काढायचा?

दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दारात उभा. "फ्राउ हेबर्ले, तुमची तीनचाकी दोन महिने उसनी द्याल?"

"आणि मी बाजारात कशी जाऊ?"

"मग एक काम करू. तुमच्याच सायकलला पुढे पाटा लावू. बर्फ ढकलणारा. तुम्ही फक्त पॅडल मारायचं."

"आल्झो," त्या म्हणाल्या, म्हणजे 'बरं तर'. "पण माझी टोपली काढायची नाही."

पहिला पाटा मी निळ्या प्लास्टिकच्या पिंपाचा केला. पिंप उभं कापलं की आपोआप छान बाक मिळतो. खाली ट्रकच्या जुन्या मडगार्डचं रबर, म्हणजे फरशी खरवडणार नाही. सगळं पुढच्या चाकाच्या फ्रेमला पाइपने जोडलं. दिसायला असं, की एखाद्या तीनचाकीने निळी मिशी ठेवलीय.

विनय बघायला आला. विनय आमचा मित्र, श्टुटगार्टला पीएचडी करतो, पाण्याच्या प्रवाहावर. मराठी मंडळात माझी ओळख 'हा विनयचा मित्र' अशी होते.

"तू बर्फाची घनता धरलीस का?" त्याने विचारलं.

"मी पिंप धरलं होतं. शिवांगीने करवत धरली होती."

"अरे, सिम्युलेशन केल्याशिवाय अँगल कसा ठरवणार? मला दोन आठवडे दे."

शिवांगी म्हणाली, "विनय, दोन आठवड्यांत बर्फ वितळतो."

बर्फ पडतच नव्हता, हा वेगळा प्रश्न. बॉबलिंगेनला बर्फ पडतो तो पाहुण्यासारखा, न सांगता येतो आणि चहा होईपर्यंत जातो. आम्ही आधी ओल्या पानांवर ट्रायल घेतली. शिवांगी म्हणाली, घरात तीन किलो पोहे पडलेत, त्यावर पण घे.

शेवटी डिसेंबरच्या अखेरीस पडला. पाळी दुसऱ्याची होती, म्हणून आम्ही मागच्या अंगणात गेलो, जिथे कुणाची पाळी नसते. फ्राउ हेबर्ले हेल्मेट घालून बसल्या, पॅडल मारलं. चार मीटर मस्त गेल्या. मग पाट्यासमोर बर्फाचा ढीग जमला आणि गाडी थांबली. त्यांनी जोर लावला. मागचं एक चाक जागच्या जागी गरागरा फिरलं आणि गाडी हळूहळू वळून माझ्याकडे तोंड करून उभी राहिली.

"हेर दांडेकर," त्या म्हणाल्या, "हे यंत्र बर्फ काढत नाही. जमा करतं."

मग आम्ही एकेक करत गेलो.

एक चाक फिरत होतं कारण अशा तीनचाकीत चेनचा जोर एकाच मागच्या चाकावर जातो. मला हे माहीत होतं. विसरलो होतो. टोपलीत वजन हवं होतं. फ्राउ हेबर्लेंनीच सुचवलं, बर्फ काढल्यावर फुटपाथवर टाकायची बारीक खडी असते, तिचं पोतं ठेवू. म्हणजे वजनाचं वजन, आणि मागे पिशवीला भोक पाडलं की खडीपण आपोआप पडत जाईल. मला हे का नाही सुचलं?

"कारण तुम्ही एक्कावन्न वर्षं खडी टाकलेली नाही," त्या म्हणाल्या.

टायरवर वायर बांधायचे प्लास्टिकचे पट्टे आवळले, गाठी बाहेरच्या बाजूला. गरिबाच्या स्नो-चेन्स. ब्रेक चाकाच्या आत असल्यामुळे ते आड आले नाहीत.

ओला बर्फ पाट्याला चिकटत होता. मी घरून नारळाचं तेल आणलं आणि पाट्याला चोपडलं. कढईला तेल लावलं की चिकटत नाही, हे माझं लॉजिक. शून्याखाली तीन डिग्रीत नारळाच्या तेलाचं काय होतं ते प्रत्येक मराठी माणसाने लहानपणी थंडीत आंघोळीच्या आधी बघितलंय. मी पण बघितलंय. तरी लावलं. तेलाचे पांढरे खडे झाले आणि त्यांना बर्फ असा चिकटला की पाटा दुप्पट जाड झाला. फ्राउ हेबर्ले आत गेल्या आणि नवऱ्याच्या स्कीचं जुनं मेण घेऊन आल्या. ते लावल्यावर बर्फ सुळकन घसरायला लागला.

"तेलाचा वास छान आहे पण," त्या म्हणाल्या. "केसांना लावता का?"

राहिला अँगल. पाटा सरळ ठेवला की बर्फ समोर जमतो, फार तिरका ठेवला की गाडीच बाजूला जाते. मी रात्रीच्या जेवणाच्या आधी कागदावर रेषा मारत बसलो होतो. शिवांगी थालीपीठ उलटत होती. तव्याला जरा लागलं होतं.

"तू हे कसं काढतेस?" मी विचारलं.

"काय?"

"लागलेलं. उलथनं सरळ घालतेस की तिरकं?"

तिने उलथनं हवेत धरलं. मग तव्यावर. "थोडं तिरकं. आणि पुढून खाली दाबून. सरळ घातलं की अडकतं. निहार, तुला एवढी वर्षं मी आयतं वाढलंय, त्याचा हा परिणाम आहे."

मी कोनमापकाने मोजलं. तेहतीसच्या आसपास. बारा दिवसांनी विनयचं सिम्युलेशन आलं. बत्तीस पूर्णांक पाच. त्याने फोन करून विचारलं, तुला आधीच कसं कळलं? मी म्हणालो, थालीपीठ. तो अजून समजतो मी त्याची चेष्टा करतोय.

आता माझी चूक.

जानेवारीच्या मध्यावर फ्राउ हेबर्लेंच्या दारावर पाटी लटकली. बुधवारी बर्फाचा अंदाज होता. गाडी तयार होती, पण एक अडचण राहिली होती. आमच्या फुटपाथच्या फरश्या काही ठिकाणी वर आल्यात. पाटा तिथे अडकला की गाडी झटकन थांबायची. दोनदा त्यांची हनुवटी हँडलवर आपटता आपटता वाचली होती. मला झोप लागेना. एकोणऐंशी वर्षांची बाई, ऑपरेशन झालेला खांदा, अंधार, माझा पाटा.

पाचला उठलो. फावडं घेतलं. आमचं घर कोपऱ्यावर आहे, म्हणून फुटपाथ दोन बाजूंनी, सगळा मिळून चाळीस मीटर. सहाला दहा कमी असताना सगळा साफ. खडी टाकली. डब्यांपर्यंतची वाटसुद्धा काढली. आणि खरं सांगतो, मला बरं वाटलं. आपल्याकडे म्हाताऱ्या माणसाच्या हातातली पिशवी न विचारता घेतात. विचारलं तर ते नाही म्हणतात, म्हणून विचारायचं नसतं. मला वाटलं, मी पिशवी घेतली.

सहा वीसला दार उघडलं. फ्राउ हेबर्ले तीनचाकी ढकलत बाहेर आल्या. हेल्मेट, कपाळावर दिवा, टोपलीत खडीचं पोतं, पाट्याला ताजं मेण.

त्यांनी फुटपाथ बघितला. मला बघितलं. माझ्या हातातलं फावडं बघितलं.

"आल्झो," त्या म्हणाल्या. गाडी मागे वळवली आणि आत गेल्या.

साडेसातला मथियासचा फोन आला. त्याने इंगोलश्टाटहून हवामान बघितलं होतं. त्याने विचारलं, कुणी काढला? खोटं बोलायला त्यांना येत नाही. त्यांनी सांगितलं, वरच्या मजल्यावरच्या मुलाने.

हे मला संध्याकाळी शिवांगीकडून कळलं. तिला त्या जिन्यात भेटल्या होत्या.

"मग मथियास काय म्हणाला?"

"म्हणाला, बघ आई, शेजारी दया करतायत." शिवांगी कोट काढत होती. नेहमी ती माझी चेष्टा करते, तेव्हा मला कळतं की सगळं ठीक आहे. त्या दिवशी केली नाही. "तू त्यांना हरवलंस, निहार."

मी लाडू घेऊन गेलो. त्यांनी डबा घेतला. दुसऱ्या दिवशी डबा धुऊन, रिकामा, आमच्या पायपुसण्यावर. चिठ्ठी नाही. अकरा दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. जिन्यात भेटल्या की 'गुटेन टाग', आणि ते इतकं व्यवस्थित, की त्यापेक्षा शिव्या बऱ्या.

बाराव्या दिवशी मी मथियासला ईमेल लिहिला. पत्ता बिल्डिंगच्या यादीत होता, आणीबाणीत संपर्क म्हणून. मला वाटलं, ही आणीबाणीच आहे. जर्मन माझं, दुरुस्ती शिवांगीची. मी लिहिलं होतं की हा नो-बॉल धरावा. तिने ते खोडलं. "त्याला वाटेल तू त्याच्या आईवर बॉल टाकलास." शेवटी राहिलं ते एवढं: चूक माझी. त्यांनी मला बर्फ काढायला सांगितलं नव्हतं. सहा वीसला त्या हेल्मेट घालून तयार होत्या आणि मी त्यांचं काम आधीच करून टाकलं होतं. जानेवारी मोजू नका.

उत्तर दोन ओळींचं आलं. 'तिचा पुढचा आठवडा दहा ते सोळा फेब्रुवारी. मी स्वतः येऊन बघेन.'

मी ते छापून खाली घेऊन गेलो. फ्राउ हेबर्लेंनी चष्मा लावून वाचलं.

"तुम्ही पुन्हा मला न विचारता माझ्याबद्दल काहीतरी केलंत."

"हो."

"या वेळी चालेल." त्यांनी कागदाची घडी घातली. "पण आता तुम्ही गाडीला हात लावायचा नाही. तुम्ही सांगायचं, मी करायचं. तिकडे खुर्ची आहे. बसा. हात खिशात."

मग दोन आठवडे मी त्यांच्या तळघरात खुर्चीवर बसलो, हात खिशात. आयुष्यात मला कुणी कधी शिकवलं नाही, आणि मी कुणाला कधी शिकवलं नव्हतं. हाताने करायचं काम तोंडाने सांगायला लागलं की कळतं, आपल्याला किती येत नाही.

"चेन उतरली तर काय करायचं?" त्यांनी विचारलं.

"मागचं हे दातेरी चाक आहे ना, त्याच्यावर खालून चेन चढवायची आणि मग पॅडल उलटं..."

"हेर दांडेकर. माझा एकच हात वर जातो. दोन हातांचं उत्तर देऊ नका."

मी विचार केला. त्यांच्या टोपलीत एक लाकडी चमचा होता, कशाला ते माहीत नाही. "चमच्याच्या दांड्याने चेन उचला. वर धरून ठेवा. पायाने पॅडल उलटं ढकला."

पहिल्या दिवशी अठरा मिनिटं लागली. हात काळे, चमचा काळा. शेवटच्या दिवशी अडीच मिनिटं. "सूप ढवळण्यापेक्षा सोपं आहे," त्या म्हणाल्या. तो चमचा नंतर सुपात गेला नाही अशी मला आशा आहे.

फरशीवर अडकण्याचं उत्तरही त्यांनीच काढलं. पाटा पक्का बसवू नका, वर बिजागरी ठेवा आणि टोपलीवर सामान आवळायची लवचिक दोरी असते तिने पुढे ओढून ठेवा. फरशी आली की पाटा मागे दुमडेल आणि पुढे गेल्यावर स्वतःच सरळ होईल. मी म्हणालो, अशी सोय मोठ्या बर्फाच्या गाड्यांना असते. त्या म्हणाल्या, असेल, मी खिडकीतून एक्कावन्न वर्षं बघतेय.

दहा फेब्रुवारी उजाडला. पाटी लटकली. आकाश निळं.

मंगळवार, ऊन. बुधवार, ऊन. शिवांगी ऑफिसातून मला हवामानाचे स्क्रीनशॉट पाठवत होती, खाली लिहून, 'तुझ्या म्हातारीची सून होऊन मी बर्फासाठी नवस बोलू का?' वरच्या मजल्यावरचे शेजारी, जे वर्षभर थंडीला शिव्या देतात, ते जिन्यात भेटले की हळूच विचारायचे, शनिवारी काही आहे का? विनयने फोन केला की त्याच्या लॅबमध्ये बर्फाचं मशीन आहे, रोज दोन बादल्या मिळतील.

"तुला लाज वाटते का?" शिवांगीने विचारलं.

"थोडी. पण दोन बादल्या."

शनिवारी मथियास आला. उंच, सभ्य, हातात फोल्डर. त्यात रंगीत माहितीपत्रकं, गाण्याच्या क्लासचा फोटो सगळ्यात वर. त्याने ती आईच्या स्वयंपाकघरातल्या टेबलावर ठेवली. बर्फ पडला नाही तर काय, हे करारात कुणी लिहिलंच नव्हतं, आणि तो रविवारी दुपारी परत जाणार होता, सही झालेला कागद घेऊन किंवा न घेता. फ्राउ हेबर्लेंनी त्याला केक दिला आणि हवामानाबद्दल एक शब्द काढला नाही.

रविवारी सकाळी मी खिडकी उघडली. सगळं पांढरं. अजून पडत होता. निदान आठ सेंटीमीटर.

मी चप्पल घालूनच खाली पळालो. शिवांगी मागून बूट आणि कोट घेऊन. मथियास पायरीवर उभा होता, हातात कॉफीचा मग. आम्ही तिघं तिथेच उभे राहिलो. आठ वाजून तीन मिनिटांनी फ्राउ हेबर्ले बाहेर आल्या. आमच्याकडे बघितलंसुद्धा नाही.

पॅडल मारलं.

आणि गेल्या. निळा पाटा बर्फ कापत, उजवीकडे एकसारखी कड घालत, मागून खडी सुर्रकन सांडत. पट्टे बांधलेली चाकं फरशीवर टकटक करत होती. वर आलेल्या फरशीपाशी पाटा दुमडला, पुढे गेल्यावर खाडकन सरळ झाला. त्या थांबल्याच नाहीत.

मथियासने मग खाली ठेवला. "किती डिग्री?"

"तेहतीस," मी म्हणालो.

"का?"

मी शिवांगीकडे बघितलं. ती म्हणाली, "तव्याला लागलेलं काढायचा अँगल आहे तो." त्याने मान हलवली, एकदम गंभीरपणे. मला वाटतं त्याने ते कुठेतरी लिहून घेतलं असणार.

पहिली बाजू झाली. कोपरा झाला. दुसऱ्या बाजूला चढ आहे. तिथे ओला बर्फ जास्त साठतो. त्या उभ्या राहून पॅडल मारायला लागल्या, आणि मधोमध खट्कन आवाज आला. पाय रिकामा फिरला. चेन.

आठ एकतीस.

मी पुढे झालो. म्हणजे माझे पाय झाले, मी काही ठरवलं नव्हतं. शिवांगीने मागून माझ्या कोटाचं हूड धरलं. त्याच वेळी मथियास माझ्या बाजूने पुढे निघाला, आणि मी त्याची बाही धरली. आम्ही तिघं असे एकमेकांना धरून उभे, पोरं आगगाडी खेळतात तसे.

"ती पडेल," मथियास म्हणाला.

"नाही," मी म्हणालो. मला खात्री नव्हती.

फ्राउ हेबर्ले उतरल्या. हातमोजा दाताने काढला. टोपलीतून चमचा काढला. वाकल्या. पहिल्यांदा चेन घसरली. त्यांनी इथल्या श्वेबिश बोलीत काहीतरी म्हटलं, जे जर्मनच्या वर्गात शिकवत नाहीत. दुसऱ्यांदा पण घसरली. बर्फ त्यांच्या हेल्मेटवर साठत होता. माझ्या मुठीत मथियासची बाही चुरगळत होती.

तिसऱ्यांदा चमचा वर, पाय उलटा, टक्. बसली.

त्यांनी चमचा कोटाला पुसला, टोपलीत ठेवला, आणि वर चढताना एकदाच आमच्याकडे बघितलं. आम्ही अजून आगगाडीतच होतो.

"स्टेशन आलं," त्या म्हणाल्या. "उतरा."

आठ बावन्नला शेवटचा मीटर झाला. डब्यांपर्यंतची वाट धरून.

मथियास गेला आणि बर्फात गुडघ्यावर बसून पाट्याची बिजागरी बघायला लागला. दोरी ओढून बघितली. रबर बोटाने दाबलं. चेनला हात लावला, हात काळा झाला. मग वर बघून, एकोणपन्नास वर्षांचा माणूस, म्हणाला, "ममा, मी एक चक्कर मारू?"

"तुझा आठवडा नाही."

"फक्त कोपऱ्यापर्यंत."

"तिकडे बर्फ राहिलेला नाही," त्या म्हणाल्या, आणि गाडी ढकलत आत गेल्या.

आम्ही कॉफीला गेलो तेव्हा गाडी त्यांच्या पॅसेजमध्ये उभी होती, वितळत. खाली फरशी खराब होऊ नये म्हणून कागद पसरले होते. रंगीत, गुळगुळीत. पुढच्या चाकाखाली गाण्याचा क्लास भिजत होता.

मथियासने ते बघितलं. बराच वेळ बघितलं. मग खुर्ची ओढून बसला आणि केकचा तुकडा घेतला. "पुढच्या हिवाळ्यापर्यंत," तो म्हणाला.

"गेनाऊ, अगदी बरोबर," फ्राउ हेबर्ले म्हणाल्या आणि त्याला साय वाढली.

मला वाटलं गोष्ट इथे संपली. नाही.

सोमवारी सकाळी सहाला उठलो. दार उघडलं तर झाडूवाली पाटी आमच्या दारावर. तळमजल्यानंतर आमचाच नंबर असतो. जिन्यातल्या खिडकीतून बाहेर बघितलं. रात्रभर पडला होता. आदल्या दिवसापेक्षा जास्त.

मी खूश झालो. खरंच. दोन महिने मी ती गाडी बनवली, आणि एकदाही बर्फात चालवली नव्हती. दोन-दोन पायऱ्या उतरून खाली गेलो, बेल वाजवली. त्या गाऊनमध्ये, हातात कॉफी.

"फ्राउ हेबर्ले, तीनचाकी घेऊ का? अर्ध्या तासात आणून देतो."

त्यांनी कॉफीचा घोट घेतला. "हेर दांडेकर, तुमचा खांदा कसा आहे?"

"चांगला आहे."

"दुखत वगैरे नाही ना?"

"अजिबात नाही."

"छान," त्या म्हणाल्या. "फावडं जिन्याखाली आहे."

दार बंद झालं. मी चाळीस मीटरपैकी पंधरा काढले असतील, तेव्हा त्यांची खिडकी उघडली. मला वाटलं, विचार बदलला.

"कडेला राहिलंय," त्या म्हणाल्या. "फावडं जरा तिरकं धरा. तुमच्या बायकोला विचारा कसं."

वरच्या खिडकीत शिवांगी चहा घेऊन उभी होती. तिने हवेत उलथनं धरल्यासारखा हात केला, थोडा तिरका, पुढून खाली दाबून.